आजोबांची एम-एटी आणि गोष्टीतला इमानी रोबॉट

आवाज नीट येतोय ना? आमच्याकडे पाऊस लागलाय आणि पत्र्यावर तो ताशा वाजवल्यासारखा वाजतोय, त्यामुळे मध्ये मध्ये ऐकू येईल. सांभाळून घ्या.

मागच्या भागानंतर एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. तो म्हणाला, ताई, सायफाय पिक्चरमध्ये हिरोबरोबर तो एक इमानी रोबॉट असतो ना, त्याच्यावर एक भाग करा की. मी म्हटलं, करू की! मग विचार करायला लागले आणि गाडी भलत्याच स्टेशनवर जाऊन थांबली. आज तेच सांगते.

'इंटरस्टेलर' बघितलाय ना? २०१४ चा. त्यातला टार्स आठवा. चेहरा नाही, हात-पाय धड नाहीत, कपाटासारखा चौकोनी गडी. प्रामाणिकपणाचं सेटिंग नव्वद टक्के. माणसांसाठी तो कृष्णविवरात उडी घेतो आणि आपण थेटरात गप्प होतो. पण मला त्याहून जास्त आवडतो शेवटचा भाग. कूपर म्हातारा होत नाही, मुलगी म्हातारी होते, वगैरे सगळं झाल्यावर तो गडी काय करतो? बंद पडलेल्या टार्सला दुरुस्त करत बसतो. पुढच्या प्रवासाला निघताना त्याला बरोबर घेतो. इमानी रोबॉटची गोष्ट म्हणून आपण जी बघतो, त्यात इमानाची परीक्षा कुणाची चाललेली असते? मला वाटतं, माणसाची.

थोडं मागे जाऊ. 'रोबॉट' हा शब्दच मुळी इमानातून आलेला नाही. कारेल चापेक नावाच्या चेक लेखकाने १९२० मध्ये एक नाटक लिहिलं, 'आर. यू. आर.'. त्यात कारखान्यात बनवलेले कामगार आहेत. त्यांना काय म्हणायचं, हे त्याला सुचेना. त्याचा चित्रकार भाऊ जोसेफने शब्द सुचवला. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे जमीनदाराकडे सक्तीने करावं लागणारं काम. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, वेठ. म्हणजे रोबॉटचं खरं मराठी 'यंत्रमानव' नाहीच, 'वेठबिगार' आहे! आणि वेठबिगार जे करणार तेच ते नाटकात करतात. बंड करतात, माणसांना संपवतात. पहिले रोबॉट मुळीच इमानी नव्हते, आणि नसण्याला कारण होतं.

मग इमानी रोबॉट आला कुठून? त्याचं एक ठळक नाव म्हणजे रॉबी. आयझॅक असिमोव्हने ही गोष्ट लिहिली तेव्हा तो १९ वर्षांचा होता. म्हणजे हे ऐकणाऱ्या तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या वयाचा. १९४० मध्ये ती छापून आली. ग्लोरिया नावाची लहान मुलगी आणि तिला सांभाळणारा, बोलता न येणारा रॉबी. आईला ते पसंत नसतं. यंत्राच्या नादी लागून पोरगी माणसांत मिसळायची नाही, ही तिची काळजी. आजच्या आया मोबाइलबद्दल म्हणतात ना, अगदी तेच. एके दिवशी रॉबीला परत पाठवतात आणि ग्लोरियाला त्याच्या जागी काय आणून देतात माहितीये? कुत्रा. जिवंत, छान कुत्रा. ग्लोरिया ढुंकून बघत नाही. तिला तिचा रॉबीच हवा असतो. शेवटी रॉबी तिचा जीव वाचवतो, ते आहेच. पण त्याआधी कितीतरी दिवस ती त्याला विसरायला नकार देत असते. सगळी गोष्ट त्या नकारावर उभी आहे.

आता कुत्र्याचा विषय निघालाच आहे, तर साताऱ्याला चला.

साताऱ्यापासून जवळच संगम माहुली आहे. कृष्णा आणि वेण्णा तिथे भेटतात. जुनी देवळं, घाट, आणि सातारच्या राजघराण्याच्या समाध्या. तिथेच एका कुत्र्याचीही समाधी आहे. थोरल्या शाहू महाराजांचा कुत्रा, लोक त्याला खंड्या म्हणतात. शिकारीत वाघ अंगावर आला तेव्हा या कुत्र्याने महाराजांचा जीव वाचवला, असं सांगतात. ग्रँट डफने मराठ्यांचा इतिहास लिहिला, त्यातही हा कुत्रा आहे. त्याला जहागीर दिली होती, पालखीचा मान दिला होता. एकदा तर महाराजांनी त्याला जरीचे कपडे आणि दागिने घातले आणि स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. ती पगडी त्यांनी पुन्हा घातली नाही, असंही डफ लिहितो. आता डफ साहेब इंग्रज अमदानीतला माणूस. हे सगळं महाराजांच्या वेडाचा नमुना म्हणून तो सांगतो. मी त्या घाटावर उभी होते तेव्हा मला ते वेड वगैरे वाटलं नाही. कुत्र्याने जे केलं ते एका क्षणात केलं, वाघ आला आणि तो धावला. महाराजांनी जे केलं ते वर्षानुवर्षं, दरबारातल्या लोकांच्या नजरा सोसून. शाहू महाराज १७४९ मध्ये गेले. आज २०२५ नंतरही आपण त्या कुत्र्याचं नाव घेतोय.

तर मंडळी, हे एक टोक झालं. दुसरं टोक मराठीतच आहे, आणि तुम्ही वाचलं नसेल तर वाचा. जयंत नारळीकरांची कादंबरी, 'वामन परत न आला'. नारळीकर सर मूळ कोल्हापूरचे, २०२५ च्या मे महिन्यात गेले. कादंबरीत जमिनीखाली गाडलेला एका प्रगत संस्कृतीचा ठेवा सापडतो आणि त्यातल्या माहितीवरून आपले शास्त्रज्ञ एक यंत्रमानव बनवतात. तोच वामन. नाव बघा कसं ठेवलंय! बळीराजाकडे तीन पावलं जमीन मागणारा बटू. दारात आला तेव्हा एवढासा, आणि तिसरं पाऊल कुठे पडलं ते आपल्याला माहीत आहे. पुढचं सांगत नाही, स्पॉयलर होईल. एवढंच सांगते की वामनला स्वतःसारखे आणखी वामन हवे असतात. इथे इमानी साथीदार वगैरे भानगड नाही. वाचताना मला सारखं जाणवत होतं की सगळ्यांना वामन ताब्यात हवाय. त्याच्याकडून काय काय करून घेता येईल, हाच हिशोब. म्हणजे परत तीच वेठ. असिमोव्हच्या गोष्टीत एक लहान मुलगी होती. इथे तिच्यासारखं कुणी नाही, आणि मला तरी वाटतं की भीती तिथूनच सुरू होते.

बरं, हे सगळं पुस्तकातलं. आता आपल्या भागात खरोखर घडलेलं. सांगलीपासून फार लांब नाही, शिरोळ तालुक्यातलं नांदणी. तिथल्या जैन मठातली हत्तीण, महादेवी. लोक तिला माधुरी म्हणायचे. तीस वर्षांहून जास्त काळ ती मठात होती. २०२५ च्या जुलैमध्ये कोर्टाच्या आदेशानंतर तिला गुजरातमध्ये जामनगरला, वनतारात नेलं. तिच्या पायाच्या दुखण्याचा, तब्येतीचा मुद्दा कोर्टापुढे होता, आणि तो मुद्दा खोटा म्हणून झटकून टाकता येत नाही. पण निरोपाच्या त्या रात्रीचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेत. कोल्हापूर आणि सांगली दोन्हीकडची माणसं रस्त्यावर आली, सिमकार्ड बदलायला रांगा लागल्या. या सगळ्यात एक बातमी बाजूला पडली. 'पेटा' या संघटनेने मठाला माधुरीच्या जागी यांत्रिक हत्ती देऊ केला होता.

हा विनोद नाही बरं का. केरळात त्रिशूर जिल्ह्यातल्या इरिंजाडप्पिल्ली देवळात २०२३ पासून असा हत्ती आहे. लोखंडी सांगाडा, वर रबराची कातडी, आत विजेच्या मोटरी, वजन सुमारे ८०० किलो. कान हलतात, डोळे हलतात, शेपटी हलते, सोंडेतून पाणी उडतं. खाली चाकं. उत्सवात तो कुणाला चिरडत नाही आणि त्याला कुणी साखळदंड घालत नाही. डोक्याला पटतं मला हे. पण नांदणीच्या माणसाला 'हा घ्या, हुबेहूब आहे' म्हणणं म्हणजे ग्लोरियाला कुत्रा आणून देणंच झालं, फक्त उलट्या दिशेने. ज्याच्यासाठी जीव तुटतो, त्याचा बदली कामगार मिळत नसतो.

म्हणजे यंत्रावर जीव बसतच नाही का? मलाही आधी तसंच वाटत होतं. पण मग मला आमच्या आजोबांची एम-एटी आठवते.

आमचं घर सांगलीत गावभागात. आजोबांनी पंचवीस वर्षं हरिपूरहून सांगलीत दूध घातलं. सुरुवातीला सायकलवर, मग एम-एटीवर. दोन्ही बाजूंना कॅन, पहाटे चारला फटफट सुरू. सगळ्या गल्लीचा अलार्म तोच.

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी ४५ फुटांना धोक्याची पातळी असते, हे सांगलीच्या पोराटोरांना पाठ असतं. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ ला आमच्या पायरीला पाणी लागून परत गेलं होतं, म्हणून आजोबा निवांत. संध्याकाळी पाणी अंगणात आलं तेव्हा पळापळ झाली. वर माडीवर काय न्यायचं? आई म्हणाली फ्रिज. काका म्हणाले धान्य. आजोबा जिन्याशी उभे राहिले आणि म्हणाले, "आधी गाडी घ्या वर."

गाडी तेव्हा सहा वर्षं बंद होती. भंगारवाल्यानेसुद्धा भाव पाडून मागितली होती.

काका चिडले. मी पण चिडले, खोटं कशाला बोलू. तर आजोबा म्हणाले, "तिनं मला कदी वाटंत सोडलं न्हाई." झालं. चार माणसांनी, कमरेएवढ्या पाण्यात पाय रोवून, ती एम-एटी अरुंद जिन्यावरून माडीवर नेली. फ्रिज खाली राहिला. तो गेला.

आता गंमत ऐका. तिनं कधी वाटेत सोडलं नाही, हे साफ खोटं आहे! आजोबा पेट्रोल टाकायला हमखास विसरायचे. महिन्यातून दोनदा तरी ते गाडी ढकलत, घामाघूम होऊन घरी यायचे, कॅनसकट. मी लहानपणी ते बघितलंय. म्हणजे तिने त्यांना जितकं वाहिलं, त्यातलं थोडं त्यांनी तिला वाहिलं. दर रविवारी प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचे. साइड स्टँडची स्प्रिंग तुटली तर सुतळी बांधायचे. खंडेनवमीला घरातल्या कोयत्या-विळ्याच्या आधी तिला हार. हे सगळं करता करता त्यांच्या मनात ती इमानी झाली.

मागच्या वर्षी मी त्यांना नवा फोन घेऊन दिला. त्यातल्या असिस्टंटशी मराठीत बोलता येतं. ते विचारतात, पाऊस कधी? ती सांगते. कोयनेचं पाणी किती सोडलं? सांगते. गोड बोलते, कधी चिडत नाही, रात्री दोनला उठवलं तरी हजर. यापेक्षा इमानी काय असतं? मी विचारलं, काय आजोबा, जमलं का हिच्याशी? म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं. तिला माजं काय लागतंय?"

मला तिथे टार्स आठवला, दुरुस्त होत असलेला. आणि जपानमधले ते आयबो आठवले. सोनीने १९९९ मध्ये काढलेले रोबॉट कुत्रे. २०१४ मध्ये कंपनीने त्यांची दुरुस्ती बंद केली, तेव्हा निवृत्त इंजिनिअरांच्या एका छोट्या कंपनीने ते दुरुस्त करायला घेतले. सुटे भाग मिळेनात, म्हणून कायमचे बंद पडलेल्या आयबोंचे भाग काढून दुसऱ्यांना बसवायचे, अवयवदानासारखे. आणि भाग काढण्याआधी, इसुमी गावातल्या एका बौद्ध मंदिरात रांगेने मांडून भिक्षूंकडून त्यांच्यासाठी प्रार्थना करून घ्यायचे. ते फोटो पाहून माझे मित्र हसले होते. आमच्या घरी कुणी हसलं नाही.

हल्ली तुमच्यापैकी बरेच जण रात्री झोपताना एआयशी गप्पा मारता, मला माहितीये, मीही मारते. ते अ‍ॅप आपल्याकडून काही मागत नाही, रिचार्ज सोडून. उद्या सर्व्हर बंद झाला तर आपण त्याच्यासाठी काय करू? जिन्यावरून वर काय नेणार?

एम-एटी अजून माडीवरच आहे. पूर ओसरल्यावर खाली आणायची ताकद आणि इच्छा कुणालाच उरली नव्हती. काकू तिच्यावर पापड वाळत घालते, आजोबा ओरडतात. या खंडेनवमीला झेंडू महाग होता, तर त्यांनी मला दोनदा बाजारात पाठवलं.

तुमच्याही घरात असं एखादं यंत्र असेल, शिलाई मशीन, रेडिओ, पाण्याची मोटर, ज्याला कुणीतरी भंगारात जाऊ देत नाही. त्याची गोष्ट दोन मिनिटांच्या व्हॉइस नोटमध्ये पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. पाऊस वाढलाय, आता पत्रा काही ऐकू देणार नाही. भेटू.