अपिलाच्या सुनावणीस जाताना
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



चिटणीसांनी मजवर सोपविलेला विषय ‘मुलांचे शिक्षण’ असा मोघम होता. छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजविलेला माणूस या विषयावर कितीही वेळ बोलू शकेल, ही भीती त्यांना असावी. म्हणूनच त्यांनी वीस मिनिटांची मर्यादाही घालून दिली आहे. तेव्हा त्या विषयाचा एक अगदी लहानसा तुकडा मी आज घेतो. आपल्या पाल्यास हवी ती शाळा नाकारली गेली, तर पालकाने अपिलाच्या सुनावणीची तयारी कशी करावी, हा तो तुकडा. प्रसंग इंग्लंडातील आहे. परंतु ज्यांचा मुलगा, मुलगी वा पुतण्या नोकरीनिमित्त त्या देशात संसार थाटून बसला आहे, अशी कितीतरी घरे आज या सभागृहात आहेत. त्यांना हे उपयोगी पडेल. मी केवळ मॅट्रिक झालेला माणूस. इंग्रजी माझे बेताचेच. जे कागद वाचले ते सूनबाईकडून अर्थ लावून घेऊनच वाचले, हे आधीच कबूल करतो.

दोन वर्षांपूर्वी आम्ही उभयता फेब्रुवारीअखेर चिरंजिवांकडे लंडनच्या पश्चिमेकडील एका उपनगरात गेलो. नात अकरा वर्षांची, माध्यमिक शाळेत जावयाची. तेथे पालकाने आपल्या पसंतीच्या शाळा क्रमाने लिहून ३१ ऑक्टोबरपर्यंत नगरपालिकेकडे अर्ज करावयाचा असतो आणि १ मार्च रोजी देशभर एकाच दिवशी कोणास कोणती शाळा मिळाली ते कळते. अगदी लहान मुलांच्या पहिल्या वर्गासाठी या तारखा १५ जानेवारी व १६ एप्रिल अशा आहेत. घरापासून पायी जाण्याजोगी शाळा नातीस मिळाली नाही. दोन बस बदलून जावे लागेल अशी शाळा मिळाली. त्या रात्री सूनबाई जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी मुंबईहून आमच्या एका आप्तांचा फोन आला. सर्व हकिकत ऐकून घेऊन ते म्हणाले, “मास्तर, त्या समितीवर आपल्यापैकी कोणी आहे का, ते आधी बघा!” आपण हसलात, मीही तेव्हा हसलो. पण खरे सांगतो, तोच विचार त्या फोनच्या आधी माझ्याही मनात येऊन गेला होता. पुढे नियम वाचता वाचता कळले की, ज्याचा त्या शाळेशी, प्रवेश नाकारणाऱ्या अधिकाऱ्यांशी अथवा अपील करणाऱ्या पालकाशी निःपक्षपातीपणाविषयी शंका यावी असा संबंध आहे, त्याला पंच म्हणून बसताच येत नाही. म्हणजे ‘आपल्यापैकी कोणी’ सापडला असता, तर त्यालाच उठावे लागले असते.

पंच किमान तीन असतात. त्यांपैकी एक तरी शाळेच्या कारभाराचा वा अध्यापनाचा अनुभव नसलेला सामान्य नागरिक आणि एक तरी शिक्षणक्षेत्राची माहिती असलेला असावा लागतो. शिवाय टिपण करणारा व कायदा सांगणारा स्वतंत्र चिटणीस असतो. नकार कळल्यापासून अपील दाखल करण्यास शाळेचे निदान वीस दिवस द्यावे लागतात आणि सुनावणीची सूचना निदान दहा शालेय दिवस आधी मिळते. फी काहीही नाही. स्कॉटलंडची रीत मात्र वेगळी आहे. तिकडे ज्यांची मुले आहेत त्यांनी तेथील नियम निराळे पाहावेत.

एक गोष्ट प्रथम करावी. मिळालेली शाळा रागाच्या भरात नाकारू नये. ती स्वीकारली म्हणून अपिलास बाध येत नाही आणि नाकारली तर हातचे जाते. हव्या त्या शाळेच्या प्रतीक्षायादीतही नाव ठेवावे. आमचे चिरंजीव तापट आहेत. नकाराचे पत्र लिहून तयारच होते. ते मी फाडावयास लावले.

मग चिरंजिवांनी अपिलाचा मसुदा केला. सात पाने झाली. नात हुशार आहे, तिला चित्रकलेत बक्षीस आहे, वडील अभियंते आहेत, आई पदवीधर आहे, आणि मिळालेल्या शाळेचा निकाल चांगला नाही, असा सारा मजकूर. मी ते ऐकले आणि म्हणालो, “अरे, हा वधूपरीक्षेचा कागद झाला. पंचांना काय ठरवावयाचे आहे, ते आधी बघ.”

सूनबाईने शोधून काढले ते असे. माध्यमिक वर्गाच्या अपिलात पंच दोन पायऱ्यांनी जातात. पहिली पायरी शाळेची : प्रवेशाचे नियम कायदेशीर होते का, आमच्या मुलीच्या बाबतीत ते बरोबर लावले का, आणि आणखी मूल घेतल्याने शाळेच्या कामास खरोखर हानी होईल का. दुसरी पायरी पालकाची : ही शाळा न मिळाल्याने या मुलीचे जे नुकसान होईल, ते शाळेच्या अडचणीपेक्षा जड भरते का. जणू तराजूच. आमच्या सात पानांतील एकही वाक्य त्या तराजूत घालण्याजोगे नव्हते. मिळालेल्या शाळेची निंदा तर सर्वस्वी वाया, कारण पंच त्या शाळेचा न्याय करावयास बसलेले नसतात.

नातीस दम्याचा विकार आहे, हे तिच्या आईबापांच्या इतके अंगवळणी पडले होते की सात पानांत त्याला दीड ओळ आली होती! डॉक्टरांचे पत्र आणले, तर त्यात ‘या मुलीस दमा आहे व ती औषध ओढते’ एवढेच. अशी मुले त्या देशात हजारो. मी म्हटले, “अगं, पत्रात विकार आहे, शाळा कोठे आहे?” सूनबाई पुन्हा दवाखान्यात गेली. दुसऱ्या पत्रात थंड हवेत थांबल्याने तिला धाप कशी लागते, मागील दोन हिवाळ्यांत कोणत्या तारखांना तिला रुग्णालयात न्यावे लागले आणि रोजचा लांबचा प्रवास तिला का सोसणार नाही, हे सर्व आले. प्राथमिक शाळेतून हजेरीचा उतारा घेतला. हजेरीपत्रकाचे महत्त्व आम्हां मास्तरांना कोणी शिकवावे लागत नाही. रुग्णालयाच्या तारखा आणि गैरहजेरीच्या तारखा एकमेकींशी तंतोतंत जुळल्या.

त्यानंतर चिरंजिवांना चार दिवस सकाळी त्या दोन बसने प्रत्यक्ष पाठविले. घरातून निघाल्याची वेळ, थांब्यावर उभे राहिल्याची मिनिटे, दुसरी बस चुकली तो दिवस, सर्व त्यांनी वहीत लिहिले. नकाशावरील अंतर कोणीही दाखवितो. थांब्यावरची मिनिटे जाऊन उभ्या राहिलेल्यालाच ठाऊक.

सुनावणीपूर्वी शाळेचे लेखी म्हणणे पालकास मिळते. पुष्कळ पालक ते न वाचताच जातात. आमच्या शाळेची जाहीर प्रवेशसंख्या २१० होती. परंतु वरच्या एका इयत्तेत २१६ मुले असल्याचे त्याच कागदात शेवटच्या तक्त्यात होते. त्या सहा मुलांमुळे शाळेचे काय बिघडले, एवढाच प्रश्न सूनबाईने लिहून नेला.

येथे एक दुःखाची हकिकत सांगतो. शेजारच्या एका मराठी कुटुंबाचे चार वर्षांचे मूल पहिल्या वर्गाच्या अपिलात होते. त्यांनी आमच्यासारखीच तयारी केली, वडिलांच्या आजारपणाचे दाखले जोडले, आणि अपील फेटाळले गेले. कारण इंग्लंडात १९९८च्या कायद्याने लहान मुलांच्या वर्गात एका शिक्षकामागे तीसच मुले ठेवली आहेत. तो वर्ग भरलेला असला की पंचांचे हात बांधलेले असतात. तीसची मर्यादा प्रत्यक्षात मोडत नाही, अथवा नियम बेकायदा होते किंवा चुकीचे लावले आणि त्यामुळेच मुलाची जागा गेली, अथवा निर्णय कोणत्याही समंजस अधिकाऱ्याने घेतलाच नसता असा आहे, यांपैकी काही दाखविता आले तरच अपील मान्य होते. तेथे कळवळ्याला जागा फार थोडी. त्यांनी घरापासूनचे अंतर कसे मोजले, शेवटच्या प्रवेश मिळालेल्या मुलाचे अंतर किती होते, भावंडांचा नियम लावला का, हे मागवून तपासावयास हवे होते. दाखले गोळा करण्यात त्या माउलीचे सहा आठवडे गेले आणि मोजणीचा कागद त्यांनी मागविलाच नाही. आम्हांलाही तो नियम त्यांच्या निकालानंतर कळला, याची मला अजून टोचणी आहे.

सुनावणीस पालकाला सोबत कोणास तरी नेता येते. दुभाष्याचीही सोय मागता येते. मी सोबत गेलो, बोललो नाही. प्रथम शाळेच्या प्रतिनिधीने आपली बाजू मांडली. सूनबाईने सहा मुलांचा प्रश्न विचारला. ती मुले आदल्या वर्षीच्या अपिलातूनच आली होती, असे उत्तर मिळाले. मग पंचांनीच पुढे दोन-तीन प्रश्न विचारले. नंतर आमची पाळी. सात पानांचे दीड पान झाले होते. सूनबाईचा आवाज मध्येच कापू लागला, तेव्हा अध्यक्षीण बाईंनी पाणी पुढे केले व थांबून राहिल्या. शेवटी त्यांनी विचारले, “तुम्हांला सांगावयाचे होते ते सर्व सांगून झाले ना?”

त्या प्रश्नाने मी मात्र तेथून तीस वर्षे मागे गेलो. मी तेव्हा एका शाळेचा मुख्याध्यापक होतो. शाळा कोणती ते सांगत नाही. जून महिन्यात एक हमाली करणारा गृहस्थ मुलाला घेऊन आला. वर्ग भरला होता. “जागा नाही,” मी म्हणालो, आणि ते खरेही होते. दुपारी संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांची चिठ्ठी घेऊन दुसरे गृहस्थ आले. त्यांच्या मुलाचे नाव मी त्याच दिवशी पटावर घातले. तो हमाल मुलाला घेऊन ओसरीवरच बसलेला होता. त्याने सर्व पाहिले, मुलाचा हात धरला आणि निघून गेला. त्याला काय सांगावयाचे होते, ते मी विचारले नाही. विचारावे असा नियमही नव्हता.

आता आहे. २००९च्या बालशिक्षण हक्क कायद्याच्या ३२व्या कलमाने पालकास स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. संबंधितांना म्हणणे मांडण्याची संधी देऊन तीन महिन्यांत त्यावर निर्णय द्यावा लागतो, आणि तो मान्य नसल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. या सभागृहातील किती जणांनी असा तक्रार अर्ज केला आहे, हे मी विचारणार नाही. चिठ्ठी कितीजणांनी नेली, हेही विचारणार नाही. कारण ती घेणाऱ्यांत मी होतो.

पाच शालेय दिवसांच्या आत निर्णयाचे पत्र यावयाचे असते. आमचे चौथ्या दिवशी आले. नातीस प्रवेश मिळाला. सप्टेंबरात ती पायी शाळेत जाऊ लागली, तेव्हा आम्ही परत आलो होतो. तिने फोनवर सांगितले की घरापासून फाटकापर्यंत अकरा मिनिटे लागतात. तिच्या वडिलांची सवय तिला लागली आहे, असे दिसते.

दीड पानाचा तो मसुदा, डॉक्टरांची दोन्ही पत्रे आणि बसच्या वेळांची वही यांच्या प्रती, नातीचे नाव झाकून, मी मंडळाच्या कार्यालयात ठेविल्या आहेत. ज्यांना हव्या असतील त्यांनी चिटणीसांकडून घ्याव्यात.