शेऱ्याचा रकाना



चाळणी-प्रयोग म्हणजे काय, हे या सभागृहात सांगायला नको. हापूसच्या बागेत कल्टार या मोहोरासाठीच्या संजीवकाची मात्रा, ते घालायची तारीख, आच्छादन, छाटणी, पाणी अशा अकरा गोष्टी आपल्या मनात असतात. खरा फरक त्यांतल्या दोन-तीनच पाडतात. प्रत्येकीच्या दोनच पातळ्या धरल्या तरी जुळण्या होतात २०४८. प्लॅकेट आणि बर्मन या संख्याशास्त्रज्ञांनी १९४६ साली दिलेल्या मांडणीत १२ झाडांत काम भागतं. प्रत्येक गोष्ट ६ झाडांवर वरच्या पातळीला, ६ झाडांवर खालच्या. यातून पक्का निकाल मिळत नाही, पुढे कशाचा पाठपुरावा करायचा ते कळतं. हा आराखडा संगणक क्षणात काढून देतो. मी बोलणार आहे नोंदीबद्दल.

तक्ता प्रयोगाच्या आधी तयार हवा. एका झाडाला एक ओळ, एका गोष्टीला एक रकाना. कुठली ओळ कुठल्या झाडाला, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. चांगलं धरणारं झाड हेरून त्यालाच नवं खत दिलं, तर फरक खताचा की झाडाचा, हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगू शकणार नाही. आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा.

(मागून आवाज : “माकडांचं काय?” हशा.)

बरं विचारलंत! माकडांनी झाड लुटलं तर फळांच्या रकान्यात शून्य लिहू नका. शून्य म्हणजे मोजलं आणि फळ नव्हतं. इथे मोजताच आलं नाही. रकाना रिकामा ठेवा, ‘माकडे’ हे शेऱ्यात लिहा. तोच शब्द आकड्यांच्या रकान्यात घातलात, तर ‘आर’सारखी संख्याशास्त्राची संगणक-प्रणाली अख्खा रकाना मजकूर समजते आणि सरासरीही काढत नाही.

“आमच्या आजोबांना झाडं तोंडपाठ होती,” असं समोरून कुणी म्हणालं. त्यांच्या अनुभवाचा मला आदर आहे. पण हात नकळत झुकतो, आणि ते दाखवणारा माणूस आपलाच आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे. १९४० च्या दशकात पीककापणीच्या प्रयोगांत त्यांना दिसलं, की कापणीचा तुकडा लहान असला की एकरी उत्पन्न जास्त भरतं. जमीन तीच, पीक तेच! कारण काठावरची रोपं. आत धरायची की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणारा ती आत घेतो. त्यात लबाडी नसते. मोठ्या तुकड्यात काठाचा वाटा कमी, म्हणून चूकही कमी. महालनोबिसांसारख्या मोठ्या संख्याशास्त्रज्ञाशी त्यांचा यावरून वाद झाला. पुढे १९५४ साली पानसे आणि सुखात्मे यांचं शेतीच्या संख्याशास्त्रावरचं पुस्तक आलं, आणि कृषी महाविद्यालयांतल्या पिढ्या त्यावर शिकल्या. त्या पुस्तकावर तर मला...

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. साक्याचं, म्हणजे हापूसच्या गरातल्या डागाचं, राहिलं; दोन वाक्यांत सांगतो. फळ कापल्यावर कितपत डागाला साका म्हणायचं, हे पहिलं फळ कापण्याआधी लिहून ठेवा. आणि कापणाऱ्याला झाडाचा फक्त नंबर कळू द्या, उपचार नको.

कल्टार जुलै-ऑगस्टात घालायचं आहे आणि या हंगामाची फळं अजून झाडावर आहेत. हापूस एका वर्षी धरतो, दुसऱ्या वर्षी हुलकावणी देतो. म्हणून मागचं उत्पन्न ठाऊक नसेल तर पुढचा आकडा वाचता येत नाही. तेव्हा उद्याच बारा झाडांना नंबर लावा आणि उतरतील तशी फळं झाडागणिक मोजून लिहा.