फुलांच्या दुकानाची जाहिरात



मी सॉफ्टवेअरवाली, फोटो काढणं हा नुसता छंद. तरी आपल्या वर्गातल्या मैत्रिणीने पुण्यात फुलांचं उंची दुकान थाटलं, तेव्हा दिवाळी अंकातल्या जाहिरातीचा फोटो माझ्याच गळ्यात घातला. डिझायनर म्हणाला, नेटवरचं तयार चित्र विकत घ्या. ती म्हणाली, "दुकानात नाही ते दाखवून गिऱ्हाईक बोलावू?" त्या एका पानात तिचं महिन्याचं भाडं जात होतं, हेही सांगते.

पहाटे मार्केट यार्डातून निशिगंध आला, तळेगावच्या हरितगृहातून राणी रंगाचे गुलाब. फ्लॅश नको म्हणून उत्तरेच्या खिडकीचा उजेड आणि समोर पांढरा थर्माकोल. दवबिंदूंसाठी पाण्यात ग्लिसरीन. नुसतं पाणी ओघळून जातं. एवढी लबाडी तिने चालवून घेतली!

खरी पंचाईत रंगांची. पडदा लाल, हिरवा, निळा उजेड मिसळतो. छापखान्याकडे निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चारच शाया. पडद्यावरचा झळझळीत राणी रंग त्यांत बसतच नाही. प्रूफमध्ये गुलाब मळकट दिसले. रंग बदलून घ्यायला ती तयार नव्हती, म्हणून पुन्हा फोटो काढला: निशिगंध पुढे, मोतिया गुलाब मध्ये, राणी दोनच, मागे.

अंक निघाल्यावर एक आजोबा ते पान घडी करून घेऊन आले. "आमच्या लग्नाचा वाढदिवस आहे. अगदी हाच गुच्छ हवा."

तिने तो तिथेच बांधून दिला.