घर्षण, झीज व कर्बाचा लेप

गाडीच्या आंसाला वंगण मिळालें नाहीं म्हणजे चाक कुरकुरूं लागतें. आंस तापतो, झिजतो आणि अखेरीस मोडतो. यावर तेल घालणें हा जुना उपाय. परंतु अंतराळयानांतील यंत्राचें काय? तेथें निर्वातांत तेलाची वाफ होऊन जाते, आणि बिघाड झाल्यास दुरुस्तीला वर जाणार कोण? या प्रश्नाचें एक उत्तर कर्बानें दिलें आहे.

हिरा व ग्राफाइट हीं कर्बाचींच दोन रूपें. हिऱ्यांत प्रत्येक परमाणु चार शेजाऱ्यांना घट्ट धरून असतो, म्हणून तो कठीण. ग्राफाइटमध्यें तो तिघांनाच धरतो व थर एकमेकांवरून घसरतात, म्हणून तें मऊ. १९७१ सालीं अमेरिकेंत आयझेनबर्ग व चॅबट यांनीं कर्बाच्या आयनांचा झोत सोडून हिऱ्यासारखा कठीण, पातळ लेप तयार केल्याचें प्रसिद्ध केलें. पुढें मिथेन, अ‍ॅसिटिलीन असे वायु विद्युतेनें फोडूनही लेप चढवितां येऊं लागले. त्यांत कर्बाबरोबर हायड्रोजनही अडकून राहतो.

हा हायड्रोजन मोठें काम करितो. पृष्ठावरील कर्बाच्या परमाणूचा एखादा हात मोकळा राहिला, तर तो समोरच्या पृष्ठाला पकडूं पाहतो व घर्षण वाढतें. हायड्रोजन तो हात गुंतवून ठेवतो. २००० सालीं अमेरिकेंतील आरगॉन प्रयोगशाळेच्या एर्देमिर प्रभृतींनीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, कोरड्या नायट्रोजनमध्यें अशा लेपाचा घर्षणगुणक ०.००१ ते ०.००३ इतका खालीं आला. कोरड्या पोलादावर पोलाद घासल्यास तो सुमारें ०.६ भरतो.

मात्र हायड्रोजन पुरेसा हवा. फ्रान्समध्यें लिआँ येथील संशोधनांत शंभर परमाणूंमागें सुमारें ४० हायड्रोजनचे असलेला लेप निर्वातांत सुरळीत चालला. सुमारें ३४ असलेल्याचें घर्षण लवकरच एकाएकीं वाढलें. उष्णता ३०० अंश सेल्सिअसच्या वर गेली कीं हायड्रोजन निसटूं लागतो, लेप ग्राफाइटसारखा मऊ होतो व झिजतो.

दमट हवेंत आणखी निराळा प्रकार. पाण्याचे रेणु दोन्ही पृष्ठांना चिकटून एकमेकांना ओढतात, आणि तोच गुणक ०.१ च्या आसपास किंवा त्याहून वर चढतो. ग्राफाइटचें याच्या अगदीं उलट! दुसऱ्या महायुद्धांत उंच उडणाऱ्या विमानांच्या विद्युद्यंत्रांतील कर्बाचे ब्रश विरळ, कोरड्या हवेंत कांहीं तासांतच झिजून त्यांची भुकटी होई. कारण ग्राफाइटला थोडी ओल लागते.

म्हणून एका ठिकाणची परीक्षा दुसऱ्या ठिकाणीं उपयोगी पडतेच असें नाहीं. पृथ्वीवरील दमट हवेंत घेतलेल्या चाचणीवरून अंतराळाचा, किंवा कोरड्या प्रयोगशाळेवरून पावसाळ्याचा निर्णय केला, तर यंत्र फसेल. लेप निवडणारानें आधीं एवढेंच पाहावें कीं, चाक फिरणार तें कोणत्या हवेंत.