खनिज तेलाचे कूळ आणि मूळ

(ज्ञातिसभेच्या पुणे येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपले वाडवडील सांगून गेले. कुलवृत्तांतांचे जाडजूड खंड काढून ज्ञातिसंस्थांनी या वचनाचा पूर्वार्ध केव्हाच मोडीत काढला आहे. तेव्हा आज आम्ही खनिज तेलाच्या घराण्याचे कूळ शोधू लागलो, तर आपण आम्हांस क्षमा कराल अशी उमेद आहे. हा शोध केवळ कुतूहलाचा नाही. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी चार पंचमांशांहून अधिक तेल आपण परदेशांतून विकत घेतो. मग, ‘आपल्या पुण्याच्या जमिनीत खोल खणले तर तेल लागणार नाही काय?’ असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर तेलाच्या जन्मकथेत दडलेले आहे.

तेल हे मूळचे जिवंत. समुद्रात व सरोवरांत तरंगणारी सूक्ष्म शेवाळे आणि इतर बारीक जीव मरून तळाशी जातात. त्यांतील बहुतेक सर्व द्रव्य प्राणवायूच्या संगतीने कुजून नाहीसे होते. शेकडा एक भागही क्वचितच उरतो. परंतु जेथे पाणी संथ, तळाशी प्राणवायूचा अभाव आणि वरून बारीक चिखलाचा थर सतत पडत असतो, तेथे हा उरलासुरला अंश चिखलात गाडला जाऊन टिकतो. पुढे त्या चिखलाचा शेल नावाचा पातळ पापुद्र्यांचा खडक बनतो आणि आतील सेंद्रिय द्रव्याचे केरोजेनमध्ये रूपांतर होते. केरोजेन म्हणजे तेल नव्हे. ते घन असते आणि नेहमीच्या कोणत्याही द्रावकात विरघळत नाही. खडकात असे द्रव्य शेकडा एक-दोन भाग असले, तरी भूशास्त्रज्ञ त्याच्याकडे आदराने पाहतो.

केरोजेनचे तेल कसे होते, हे येथे बसलेल्या भगिनींस आमच्याहून चांगले समजेल. लोणी कढविताना आच मंद राहिली तर तूप होत नाही, आणि फार झाली तर ते करपते. भूगर्भातही हाच न्याय आहे. जमिनीत दर किलोमीटरला साधारणतः पंचवीस ते तीस अंश सेल्सिअस उष्णता वाढते. गाळ दोन-तीन किलोमीटर खाली दबला आणि उष्णता साठ ते एकशेवीस अंशांच्या आसपास पोचली, की केरोजेनचे मोठे रेणू तुटून त्यांतून तेल सुटू लागते. दीडशे अंशांच्या पुढे मात्र मुख्यतः वायूच मिळतो आणि मागे कोळशासारखी बेरी उरते. ही कढ लाखो वर्षे चालते. कच्चा मालही पाहावा लागतो. शेवाळाच्या केरोजेनपासून मुख्यतः तेल मिळते, तर झाडापाल्याच्या केरोजेनपासून अधिक करून वायू.

हे सर्व अनुमानच नाही काय, अशी शंका कोणी घेईल. १९३४ साली आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन रसायनज्ञाने कच्च्या तेलात पॉर्फिरिन नावाची संयुगे दाखविली. वनस्पतींतील हरितद्रव्याचा सांगाडा तोच. कोट्यवधी वर्षे भूगर्भात राहूनही घराण्याची खूण पुसली गेली नाही! अशाच खुणांवरून आज कोणत्या विहिरीचे तेल कोणत्या शेलमधून आले, हे प्रयोगशाळेत ताडून पाहता येते.

आता आपल्या दारचे उदाहरण घेऊ. पर्वतीच्या टेकडीचा काळा पाषाण सर्वांच्या परिचयाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून हा दक्खनचा बेसॉल्ट तयार झाला. पश्चिमेस त्याचा काही भाग खचून समुद्राखाली गेला. त्या बुडालेल्या फरशीवर दलदली आणि उथळ समुद्र पसरले व त्यांत शेलचे थर साचले. भूशास्त्रज्ञ या थरांना पन्ना स्तरसमूह म्हणतात. भोवतालच्या खोलगट भागांत ते पुरेसे तापले, त्यांतून तेल सुटले आणि वरच्या अंगास सरकत सरकत एका उंचवट्यावरील मायोसीन काळातील सच्छिद्र चुनखडकात जाऊन थांबले. वर शेलचे झाकण होते म्हणून ते निसटले नाही. कोकणातून घाट चढून पुण्यास आलेल्या कित्येक घराण्यांप्रमाणे तेलाचेही जन्मस्थान एक आणि राहते घर दुसरे असते. तो उंचवटा म्हणजेच मुंबई हाय. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर दूर समुद्रात ‘सागर सम्राट’ या नौकेने १९७४ च्या फेब्रुवारीत तेथे तेल शोधले आणि १९७६ च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झाले.

अर्थात, मुंबई हायच्या तेलाखाली पुष्कळ ठिकाणी जी फरशी आहे, तिच्याच जातीच्या फरशीवर आज आपण बसलो आहोत. समुद्रात फरशी खचली आणि तिच्यावर चिखल साचला. येथे ती उघडी राहिली, झिजली, आणि तिच्यावर शेलचा थर काही बसला नाही. लाव्हा तर वितळलेल्या खडकाचा. त्यात केरोजेन कोठून येणार? मधूनमधून एखाद्या विहिरीच्या पाण्यावर सप्तरंगी तवंग दिसतो आणि गावात तेलाची वार्ता पसरते. अशा वेळी काठीने तवंग हलवून पाहावा. तो पापुद्र्यासारखा फुटला आणि तुकडे वेगळेच राहिले, तर ती लोहजीवाणूंची करणी. फिरून एक झाला तर तेल. पण तेही बहुधा शेजारच्या पंपाच्या गळक्या टाकीतले असते.

आता एवढीच शंका उरते की, या फरशीच्या खाली जुना गाळ असेल तर? बेसॉल्टखाली दबलेले जुने सागरी थर सौराष्ट्रात खरोखरच आहेत, म्हणून ही आशा अगदीच पोकळ म्हणता येत नाही. परंतु भूकंपाच्या अभ्यासासाठी कोयना परिसरात एक छिद्र १,५२२ मीटर खोल नेण्यात आले, तेव्हा ९३३ मीटर बेसॉल्ट संपताच थेट ग्रॅनाइटसारखा आदिखडक लागला. मध्ये गाळाचा थर मुळीच नव्हता. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथे घेतलेल्या छिद्रात ३३८ मीटर बेसॉल्टखाली गाळ सापडला खरा. त्याची जाडी भरली अवघी आठ मीटर.