पाठीच्या कण्यांतील अरुंद वाट
(नभोवाणीवरील भाषण)



मी वैद्य नाहीं. एक सेवानिवृत्त शाळामास्तर आहें. ज्या विषयाचें ज्ञान मला पुस्तकांतून न होतां स्वतःच्या पायांतून झालें, त्याविषयीं आज थोडें सांगणार आहें.

तीन वर्षांपूर्वीं चालतां चालतां माझी चप्पल पायांतून निसटून मागें राहूं लागली, आणि पांच पावलें पुढें गेल्यावर तें मला कळे. सकाळीं तोंड धुतांना डोळे मिटले कीं तोल जाई. पाय दुखत नव्हते. नुसते जड झाले होते. ‘आतां वय झालें,’ असें घरच्यांनीं म्हटलें व मींहि म्हटलें. गुडघ्यांना तेल चोळून झालें, कमरेचें चित्र काढून झालें. त्यांत विशेष कांहीं निघालें नाहीं. अशीं दीड वर्षें गेलीं. अखेर एका तरुण डॉक्टरांनीं माझ्या तळपायावर बोथट टोंकानें रेघ ओढली. अंगठा खालीं वळावयाचा, तो वर उचलला गेला! पॅरिस येथील बाबिन्स्की यांनीं १८९६ सालीं वर्णिलेली ही खूण. डॉक्टर म्हणाले, “मास्तर, दोष पायांत नाहीं, कमरेंतहि नाहीं, वर पाठींत आहे.”

हें कसें, तें पाहूं. मणके एकावर एक रचलेले असतात. त्यांच्या छिद्रांची मिळून एक नळी बनते व तींतून मज्जारज्जु खालीं उतरतो. पाठीचे मणके बारा, आणि त्यांना बरगड्या जोडलेल्या. त्यामुळें हा भाग मानेपेक्षां व कमरेपेक्षां कमी वांकतो, कमी झिजतो. म्हणून नळी आकसण्याचा विकार येथें क्वचितच होतो. परंतु येथील नळी मुळांतच अरुंद. हमरस्त्यावर कोणी ओटा बांधला तरी रहदारी चालते. बोळांत एक पायरी पुढें आली कीं वाट अडते.

शिवाय मज्जारज्जु कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीं संपतो. त्याखालीं केवळ नसांचा जुडगा असतो. कमरेंतील अडथळ्यानें या नसा दाबल्या जातात. चालतांना पाय दुखतात व खालीं बसलें कीं आराम पडतो. पाठींतील अडथळ्यानें प्रत्यक्ष रज्जूच दाबला जातो. मग पाय ताठतात, छाती-पोटाभोंवतीं पट्टा आवळल्यासारखें वाटतें, त्याखालीं बधिरता येते, लघवीवरचा ताबा सुटूं लागतो. हात मात्र शाबूत राहतात. माझें अक्षर या साऱ्या काळांत पूर्वीइतकेंच वळणदार होतें. म्हणूनच मी फसलों.

कारणें अनेक. मणक्यांना बांधणाऱ्या पिवळ्या बंधाचें हाड बनतें. हें जपानांत विशेष, पण आपल्याकडेहि आढळतें. कधीं चकती मागें सरकते, कधीं सांधे वाढतात. पाण्यांतील फ्लोराइडहि वर्षानुवर्षें पोटांत गेल्यास हाडें व बंध जाड करतें. १९३७ सालीं शॉर्टप्रभृति वैद्यांनीं तेव्हांच्या मद्रास इलाख्यांतील अशा रोग्यांचें वर्णन केलें. आपल्या यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील कांहीं ठिकाणचें भूजलहि फ्लोराइडयुक्त आहे. पिण्याच्या पाण्यांत लिटरमागें दीड मिलिग्रॅमपेक्षां अधिक फ्लोराइड नसावें, असा दंडक आहे.

निदानासाठीं एम्. आर्. आय्. काढतात; पण तें कमरेपुरतेंच काढलें तर वरचा दोष दृष्टीआड राहतो. त्रास सौम्य असेल तर वेळोवेळीं तपासणी करीत थांबतां येतें. पायांतील शक्ति कमी होत चालली असेल तर शस्त्रक्रियेनें मणक्याची मागची कमान काढून रज्जूला जागा करून देतात. शस्त्रक्रिया जोखमीची खरी. पण दाबलेला रज्जु फार दिवस वाट पाहत नाहीं. पुढची हानि थांबते. गेलेलें सर्व परत येईलच असें नाहीं. मी आज काठी घेऊन चालतों. ती काठी त्या दीड वर्षाची किंमत आहे.

म्हणून विनंति एवढीच: घरांतील वडील माणसाचे पाय जड होऊं लागले, तोल जाऊं लागला, तर ‘वय झालें’ म्हणून स्वस्थ बसूं नका, आणि कोणाकडून पाठ चोळून वा मोडून घेऊं नका. लघवी अडली किंवा पाय एकाएकीं लुळे पडले तर त्याच दिवशीं रुग्णालय गांठा. मीं जन्मभर मुलांचे पाठ घेतले. स्वतःच्या पाठीचा पाठ मात्र उशिरां शिकलों. आपण तो वेळीं शिकावा.