टोकन नंबर चौसष्ट
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



मला ‘सोसायटीतील तंत्रज्ञान’ असा भारदस्त विषय दिला आहे. मी पडलो बँकेतला माणूस. इंदापूरच्या शाखेत लेजर हाताने लिहिली, बारामतीत निवृत्त झालो तेव्हा टेबलावर संगणक होता. त्या शिदोरीवर बोलतो.

गेल्या वर्षी पार्किंगमधून एका सभासदाची मोटारसायकल गेली, आठवत असेल. रेकॉर्डिंग उघडलं तर दोन रात्री गेटच्या कॅमेऱ्याचं चित्रच नाही. बाकीचे कॅमेरे ठणठणीत! कुजबुज सुरू झाली, वॉचमननेच वायर काढली असणार. इंदापूर तालुक्यातून पोटासाठी आलेला माणूस, त्याला कमी करण्याचा ठराव लिहायला घेतला होता. मी म्हटलं, थांबा. व्हाउचर बघितल्याशिवाय कुणाच्या खात्याला रक्कम नावे टाकत नाहीत.

आता हे व्हाउचर म्हणजे काय ते सांगतो. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो. आपल्याकडे तो १९२.१६८.१ ने सुरू होतो, शेवटचा आकडा तेवढा वेगळा. हे पत्ते राउटर वाटतो, त्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. पूर्वी बँकेत पैसे काढायला गेलं की पितळी टोकन मिळायचं, तसंच. टोकन ठरावीक मुदतीचं. मुदत वाढवून घेतली नाही, तर ते दुसऱ्याला जातं. कॅमेऱ्याचा पत्ता मात्र लॉकरच्या नंबरासारखा कायमचा लागतो, म्हणून तो बसवणाऱ्याने हाताने ६४ असा भरला होता. पण राउटरला ते कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच्या टोकनांच्या पेटीत ६४ नंबर शिल्लकच होता.

मी आणि तिसऱ्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा मुलगा ऑफिसात बसलो. त्याने कॅमेऱ्याची वायर काढली आणि ६४ ला हाक मारली. त्याला पिंग म्हणतात. वायर काढलेली, तरी उत्तर आलं! म्हणजे त्या नंबरावर दुसराच कुणी बसला होता. तोच पत्ता ब्राउझरमध्ये टाकला, तर आपल्या ऑफिसच्या नव्या प्रिंटरचं पान उघडलं. लाइट जाऊन आली होती. राउटर लगेच सुरू झाला, कॅमेऱ्याच्या बाजूचा पुरवठा उशिरा आला. मधल्या वेळात प्रिंटरने टोकन मागितलं आणि राउटरने ६४ देऊन टाकला. एका नंबराचे दोन धनी झाल्यावर रेकॉर्डरला कॅमेरा सापडणार कसा? प्रिंटर दिवसरात्र चालू, त्यामुळे नंबर सुटेना.

उपाय दहा मिनिटांचा. १० ते ९९ हे नंबर हाताने भरायच्या यंत्रांसाठी राखले, राउटरने १०० ते २५० एवढेच वाटायचे. प्रिंटर बंद करून चालू केला, त्याला नवा नंबर मिळाला, गेट दिसू लागलं.

अभ्यासिकेतली तक्रार वेगळी होती. संध्याकाळी येणाऱ्या मुलांना नेट मिळेना, आणि फॉर्म भरायची शेवटची तारीख. लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, की समजावं, खिडकीवर कुणीच टोकन दिलं नाही, यंत्राने स्वतःच नंबर लिहून घेतलाय. तिथल्या राउटरकडे फक्त पन्नास नंबर, मुदत चोवीस तासांची. सकाळच्या मुलांचे मोबाइल घरी गेले तरी नंबर अडकलेलेच. संख्या वाढवली, मुदत दोन तास केली. बाकी ‘राउटर बंद करून चालू करा’ हा सर्वांचा आवडता उपाय मला पसंत नाही; कधी लागू पडतो, पण कारण कळत नाही.

आता ऑफिसात एक वही ठेवली आहे: यंत्र, नंबर, तारीख, सही. नवं काही बसवायला कुणी आलं, की आधी वहीत नोंद, मग वायर. वॉचमन आजही आपल्या गेटवर आहे, आत येताना तुम्हाला त्यानेच नमस्कार केला असेल. मोटारसायकल मात्र सापडलेली नाही.